इको नावाची मुलगी

"डाव्या कुशीवर वळा. हलू नका," टेक्निशियन बाई म्हणतात. खोलीत अंधार आहे, छातीवर गार जेल. यंत्रातून माझ्याच काळजाचा आवाज येतोय. डोळे जड होतात.

पलंगाच्या कडेला सिंधूआत्या बसलीये. तिला जाऊन दीड वर्ष झालं, हे मला ठाऊक आहे. तरी मी सरकून तिला जागा करून देते.

"काय तपासून घेतेयस गं, निमे?"

"इको."

ती हसते. आत्या वाईला शाळेत इंग्रजी शिकवायची. शब्द भेटला की आधी त्याचं मूळ सांगायची.

"इको ही मुलगी होती. ग्रीकांची वनदेवी, फार बडबडी. तिनं देवांच्या राणीला गप्पांत गुंतवून फसवलं, म्हणून राणीनं तिचं बोलणंच काढून घेतलं. दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे तिला उरले. मग एकाच्या प्रेमात झुरली, हाडांचे दगड झाले, राहिला नुसता आवाज. कड्यावरून परत येतो ना, तो तिचा."

"तुझ्यासारखंच," मी बोलून जाते.

अर्धांगानंतर आत्याचंही तसंच झालं होतं. 'गोळी घेतलीस का?' विचारलं की म्हणायची, 'घेतलीस का?' 'पाय वर घे' म्हटलं की, 'वर घे.' मी रोज जायचे. कामाचंच बोलायचे.

"तू शेवटी ठेवशील तेवढंच मला म्हणता यायचं," आत्या सांगते. "मी वाट बघायचे गं. म्हणायचे, आज तरी ही असं काही बोलेल, जे मला हिला परत म्हणता येईल."

आता आम्ही पांडवगडाच्या उतारावर आहोत. गुडघाभर वाळलेलं गवत, समोर काळा कडा. माझा हात तिच्या हातात आहे, पण ती कड्याकडे बघतेय.

"आत्या, चुकलंच माझं."

"चुकलंच माझं," ती म्हणते.

"तुझं नाही गं!"

"नाही गं."

तिचा हात हलका होत चाललाय. मी ओरडते, "आत्या, तू मला फार आवडतेस!"

"फार आवडतेस," कड्याकडून येतं. हातात हात नाही.

"झालं मॅडम. उठा सावकाश."

दिवा लागतो. मी जेल पुसते, पाय खाली सोडते. सलवारीच्या काठाला वाळक्या गवताची कुसळं चिकटलीत. एक उपटायला जाते, तर ते बोटात रुततं.