टाकीतलं पाणी टाकीतच

विहिरीत उतरलो तो मोटरच्या पाइपाच्या तोंडाला अडकलेला पाला काढायला. वर आलो तेव्हा विहिरीचा मालक, गावचा बडा बागाईतदार, काठावर उभा राहून माझ्या ओल्या पायांकडं बघत होता.

"ए, कुणाचा रं तू?"

"कुणाचा म्हंजे? मी बीएस्सी हाय."

"ते न्हाई इचारलं."

काय विचारलं ते मला कळलं होतं. मी मान वर ठेवून सांगितलं. कडेगावाकडचं माझं गाव सांगितलं आणि आम्ही बौद्ध झालो तेही सांगितलं. "म्हंजे त्येच की," म्हणून तो विहिरीच्या बाहेरच्या अंगाला थुंकला.

ही साठ सालानंतरची गोष्ट. उंब्रजच्या बाहेर एका संस्थेनं सिमेंटच्या उथळ टाक्या बांधून शेवाळ वाढवायचं काम काढलं होतं. दगडावरचं बुळबुळीत शेवाळ नव्हे. हे सुटं सुटं, डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक. पाण्याला खत आणि ऊन मिळालं की अख्खी टाकी पोपटी होते. ते गाळायचं, वाळवायचं, कोंबड्यांना खाद्य म्हणून घालायचं. आमच्या घराण्यात कॉलेज बघितलेला मी पहिला, आणि सांगलीहून पदवी घेतल्यावरची ही पहिली नोकरी.

विहीर बागाईतदाराची, मोटर संस्थेची. सकाळी टाक्या भरायच्या, उरलेला दिवस मोटर त्याच्या उसाला. फुकटात मोटर मिळाल्यावर त्यानं मोट मोडून टाकली आणि बैलं विकली.

मी विहिरीत उतरलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं टाक्यांकडचा पाइप तोडला. संस्थेच्या साहेबांना निरोप आला: ह्या पोराला हलवा, मग पाणी सोडतो.

साहेब पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, पण भांडण म्हटलं की मागं सरायचे. "तू दुसरीकडं जा. काम तरी वाचेल," म्हणाले.

"काम मी वाचवतो. एवढा उन्हाळा मला द्या."

"आणि पाणी?"

"टाकीतलंच परत टाकीत घालतो."

तोवर शेवाळ गाळलं की खाली उरलेलं पाणी आम्ही ओढ्याला सोडत होतो. सगळेच तसं करत. मी ते अडवलं. शेवाळ लवकर तळाशी बसावं म्हणून तुरटी फिरवली. पाणी काचेसारखं निघालं, मी खुशीत परत टाकीत घातलं. दोन-तीन फेऱ्यांत टाक्या पिवळ्या पडल्या.

बागाईतदाराचा मुकादम रोज बांधावर येऊन बसायचा.

"काय रं शेवाळ्या, मेलं व्हय पीक? आमच्या बाया शेवाळ घासून काढत्यात, अन् तू कालेज शिकून लावतुयास!"

मी राग कामाला लावला. प्रत्येक फेरीला तुरटी पाण्यात साठत होती आणि पाणी आंबट होत होतं. तुरटी बंद केली. त्या टाक्यांचं पाणी फेकलं, एकदाच नदीवरून पिंपं आणून त्या भरल्या आणि नव्यानं लावण केली. आता ढवळणं थांबवून टाकी रातभर निवळू द्यायची, वरचं पाणी मांजरपाटाच्या चार पदरांतून खड्ड्यात गाळायचं. शेवाळ खाणारे किडे कापडावर अडकत. शेवाळानं जेवढं खत खाल्लं तेवढंच पाण्यात परत घालायचं. उन्हानं उडालेल्या पाण्यापुरती बैलगाडीतून नदीवरची पिंपं आणायची. टाक्या पोपटी झाल्या त्या सकाळी मीच मुकादमाला हाक मारली, "या, बसा. आज काय बोलत न्हाई व्हय?"

आता खड्ड्यातलं पाणी टाकीत चढवायचं राहिलं. बादल्यांनी माणसं दमत होती. मी साहेबांकडं विहिरीवरची मोटर मागितली.

"अरे, लहान मोटर मागवू की. त्याचा ऊस उभा आहे."

"संस्थेची मोटर संस्थेच्या कामाला. तो आपल्याला पाणी देत नाही, आपण त्याला मोटर का द्यायची?"

साहेबांनी मोटर उतरवायची चिठ्ठी लिहून दिली. उसाचं काय होणार ते मला चांगलं माहीत होतं. म्हणूनच मागितली.

मोटर उतरवायला माणसं घेऊन मी विहिरीवर गेलो तेव्हा बागाईतदार धापा टाकत माझ्यापुढं आला.

"आवं सायेब, उभा ऊस वाळंल की! पायप आत्ता जोडतो. तुमी खुशाल इहिरीत उतरा, कोण काय म्हननार न्हाई."

त्याच्या तोंडचं 'सायेब' लय गोड लागलं, खोटं कशाला सांगू?

"मला उतरायचं न्हाई," मी म्हणालो. "तुमच्या पाण्याचं मला कामच ऱ्हायलं न्हाई."

मोटर गाडीत चढवली. भर वैशाखात नवी मोट आणि बैलजोडी त्याला कुठून मिळणार? ऊस कडेनं पिवळा पडत आत वाळत गेला, आणि शेवटी जनावरांपुढं टाकायला कापला.

उभ्या पिकाची तरी कीव यायला हवी होती, असं मला पुढं पुष्कळांनी ऐकवलं. मला आली नाही. तो सगळा वैशाख, कामावरून सुटल्यावर, जवळची वाट सोडून मी त्याच्या बांधावरून खोलीवर जात असे. बघायला.