बोग्गाने कोरलेली अक्षरं

बोग्गाचं पूर्ण नाव बोर्गहिल्डुर, पण आमच्या फ्योर्डात, डोंगरांमधल्या या खाडीकाठी, ते फक्त सरकारी कागदावर. मासळीच्या फॅक्टरीत एकोणीस वर्षं आम्ही दोघींनी एकाच टेबलाला समोरासमोर उभ्या राहून कॉड माशांचे काटे काढले. सकाळी सात ते दुपारी तीन. त्यानंतर मी घरी जाऊन पाय वर करून पडायचे आणि बोग्गा पुजारीण व्हायची.

जुन्या देवांना मानणारी आमच्या भागात चाळीसेक घरं असतील. त्यांची लग्नं, बाळांची नावं, अंत्यविधी, सगळं हिच्याकडे. शिवाय रून, म्हणजे आमची जुनी अक्षरं. लाकडावर, हाडावर, दाराच्या चौकटीवर ती कोरून द्यायची. कुणाला झोप येत नाही, कुणाची गाय वीत नाही, की आले बोग्गाकडे. उन्हाळ्यात पर्यटक येत आणि गोंदवून घ्यायला "काहीतरी ताकदीचं" अक्षर मागत. एकदा बाहेरदेशीचे चार तरुण आले आणि शुद्ध रक्ताच्या गप्पा मारत झेंड्यावर आशीर्वाद मागायला लागले. बोग्गा म्हणाली, "बसा ना. माझा जावई फिलिपिन्सचा आहे, तोच वाढेल तुम्हाला सूप." चौघे सूप न पिताच गेले. तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. ती मात्र नुसती म्हणाली, "दमले गं मी. देव मोजकेच आहेत, पण त्यांचं काम फार."

सैवारने बोट घेतली तेव्हा तो तिच्याकडे आला. सैवार म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या टोर्फीचा मुलगा. त्याची बायको उन्नुर तेव्हा फॅक्टरीत पॅकिंगला होती. बोग्गाने न्योर्डुरचं, आमच्या समुद्राच्या देवाचं नाव घेऊन बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रक्षणाची अक्षरं कोरली. त्यात लाल रंग उन्नुरने भरला.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ती बोट बुडाली. इंजिन बंद पडलं आणि वाऱ्याने तिला खडकांवर नेलं. बरोबरचा माणूस वाचला. सैवार अकरा दिवसांनी सापडला.

त्या अकरा दिवसांत बोग्गा रोज कामावर आली. रोज तीनला सुटून धक्क्यावर जायची, म्हणून मीही जायचे. चौथ्या दिवशी टोर्फी तिथे भेटला. तो चर्चमध्ये जाणारा, ख्रिस्ताचा माणूस. बोग्गाला बघून तो थांबला.

"तुझी अक्षरं आता कॉड वाचताहेत," तो म्हणाला. "कसं काय, लागतात का त्यांना?"

मी काहीतरी बोलणार होते, पण बोग्गाने माझा दंड धरला. "बोलू दे त्याला," ती म्हणाली. घरी जाऊन तिने कोरण्याची हत्यारं फडक्यात गुंडाळली आणि कपाटावर टाकली.

सैवार सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी उन्नुर आमच्या कॅन्टीनमध्ये आली. डोळे कोरडे, केस न विंचरलेले. सरळ बोग्गाच्या पुढ्यात बसली.

"अंत्यविधी शनिवारी आहे. तू करायचंस."

"उन्नुर, माझ्या हातची अक्षरं होती त्या बोटीवर."

"ठाऊक आहे मला. रंग कुणी भरला होता?"

"दुसऱ्या कुणाला तरी बोलाव. राजधानीतून येतील."

"परका माणूस नकोय मला." उन्नुरने बोग्गाची कॉफी ओढून घेतली आणि प्यायली. "इंजिन बदल, इंजिन बदल म्हणून वर्षभर मी त्याच्या मागे होते. हो हो म्हणायचा. आता इंजिनही देवानेच बदलायचं का, बोग्गा?"

जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली, तेव्हा बोग्गा म्हणाली, "किती वाजता?"

शनिवारी बर्फाचा चिखल झालेला. दफनभूमीत तीसेक माणसं गोल करून उभी होती. टोर्फी लांब रस्त्यावर, इंजिन चालू ठेवून गाडीतच बसलेला. रीतीप्रमाणे मधाच्या दारूने भरलेलं शिंग हातोहात फिरतं आणि ज्याच्या हातात येईल तो गेलेल्याबद्दल बोलतो. पहिलं बोग्गाने बोलायचं. तिने शिंग दोन्ही हातांनी धरलं.

"मी कोरलं, आणि तो गेला," ती म्हणाली. "का ते मला ठाऊक नाही. ठाऊक आहे असं तुमच्यासमोर म्हणवत नाही. माणूस चांगला होता. उधळ्या होता. मासे फुकट वाटायचा."

मग शिंग फिरलं. लोक बोलले, एक-दोनदा हसलेही. शेवटच्या माणसाकडे ते पोचलं तेव्हा गाडीचं दार वाजलं. टोर्फी चिखलातून चालत आला आणि त्याने शिंग मागितलं. तो प्यायला नाही, नुसतं धरून उभा राहिला.

"बोट माझी होती," तो म्हणाला. "मीच त्याला विकली. त्या इंजिनाचा आवाज मला माहीत होता."

बोग्गाने पुढे होऊन त्याच्या हातातून शिंग घेतलं. तिने उरलेली दारू मातीवर ओतली आणि विधी संपला असं सांगितलं. टोर्फीने तिची माफी मागितली नाही आणि तिलाही ती नको होती.

उन्नुरच्या सांगण्यावरून बोग्गाने हत्यारं पुन्हा काढली आणि थडग्याच्या लाकडावर सैवारचं नाव कोरलं. बोटं थंडीने आखडलेली, म्हणून तीन संध्याकाळी गेल्या. रक्षणाचं अक्षर तिने त्यानंतर कुणालाच कोरून दिलं नाही. कुणी मागितलं तर म्हणायची, "नाव कोरून देते. नाव कुणाकडे काही मागत नाही." काही घरं तिच्यावर रुसली. बरीचशी राहिली. पुजारीणपण सोडते असं ती दर वसंतात म्हणते, पण घ्यायला कुणी पुढे येत नाही.

अंत्यविधीनंतरच्या सोमवारी ती सातला टेबलावर हजर होती. दहाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या बाकावर, हातमोजे न काढताच तिला झोप लागली. घंटा झाली. मुकादम दारात आला, त्याने तिला पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तिच्या वाटचे काटे कोण काढणार?" त्याने विचारलं.

"मी," म्हटलं, आणि टेबलाकडे गेले.