टायपिंगच्या बाईंचं लढाऊ विमान

"ओढ! ओढ! अरे वर ओढ ना, मरतोयस!"

खोलीतले अकरा जण एकदम ओरडत होते आणि बारावा, म्हणजे मी, कीबोर्डला असा झोंबलो होतो की विहिरीत पडलेली म्हैस दोराने वर काढणाऱ्यालाही माझी दया आली असती. पडद्यावर माझं लढाऊ विमान नाक आभाळाकडे करून, शेपटीवर बसल्यासारखं, सरळ खाली येत होतं. कॉम्प्युटरच्या डब्यातून पीं पीं पीं असा भोंगा चालू होता. आणि त्या कल्लोळात दाराजवळच्या खुर्चीतून, मटार सोलताना माणूस ज्या आवाजात बोलेल त्या आवाजात, बाई म्हणाल्या, "सोड."

मी सोडलं नाही. विमान जमिनीत गेलं.

"मेलास," बाई म्हणाल्या. "ऊठ. पुढचा."

बाई म्हणजे आमच्या टायपिंगच्या बाई. कुळगावात बाजाराच्या वाटेवर एका गाळ्यात त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. नऊ मशीनं, एक घड्याळ आणि भिंतीवर एकच पाटी: 'डोळे कागदावर'. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी इथली माणसं ज्या ज्या कचेऱ्यांत कामाला जायची, तिथली निम्मी पत्रं बाईंनी शिकवलेल्या बोटांनी टाइप व्हायची, असं माझं मत आहे. उरलेली निम्मी त्यांच्या धाकाने व्हायची. मी त्यांच्याकडे शिकायला गेलो आणि मिनिटाला चाळीस शब्दांचा स्पीड पास झाल्यावर तिथेच शिकवायला राहिलो. शिकवायला म्हणजे रिबिनी बदलायला.

बाईंचा कान ही एक स्वतंत्र वस्तू होती. नऊच्या नऊ मशीनं खडखडत असताना त्या रस्त्याकडे तोंड करून बसायच्या आणि मागे न वळता म्हणायच्या, "पाच नंबर, डाव्या करंगळीला लकवा मारलाय का?" पाच नंबरची करंगळी खरोखरच आळशी निघायची. एकदा बाहेरून लग्नाची वरात चालली होती. बँड, ताशा, फटाके, सगळं. आत आम्ही 'ए एस डी एफ जी एफ' बडवत होतो. बाईंनी बँडमधून नेमकी माझी चुकलेली की ओळखली, इतकंच नाही, तर फूटपट्टीने टेबलावर असा ठेका धरला की नवऱ्याचा घोडा आमच्या ठेक्यावर चालू लागला. घोडेवाला दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आला होता. बाईंनी त्यालाच इंग्रजी तीसच्या बॅचला बसवलं.

त्या कुणालाही नावाने हाक मारत नसत. गावाने मारत. मी वांगणी. एक होता हेंद्रेपाडा, उल्हासनगरची एक मुलगी कॅम्प चार. दारातून पाय आत पडायच्या आधी, चपलेच्या आवाजावरून, "या वांगणी, सात मिनिटं उशीर." तपासणीची त्यांची पद्धतही वेगळीच. कागद आपला आपण उभं राहून मोठ्याने वाचायचा, चुकांसकट. 'the' च्या जागी 'teh' टाइप केलं असेल तर टी-ई-एच असं सगळ्यांसमोर म्हणायचं. "आपली चूक आपल्या तोंडून निघाली पाहिजे," असं त्या म्हणायच्या. मग लाल पेन्सिल माझ्या हातात देऊन गोल मलाच करायला लावायच्या. शिस्त म्हणजे शिस्त, असं समजून आम्ही चळचळ कापायचो.

नव्वदच्या दशकाने मात्र बाईंना घाम फोडला. रस्त्यापलीकडे एक कॉम्प्युटर क्लास उघडला. काचेचं दार, आत एसी आणि टाय घातलेले एक सर. तो एसी एवढा गार होता की पोरं मे महिन्यात स्वेटर घालून शिकायला जायची आणि घरी येऊन आयांकडून काढा घ्यायची. आमच्याकडची पोरं एकेक करून रस्ता ओलांडू लागली. गाळा बाईंच्या धाकट्या दिरांच्या, म्हणजे भाऊजींच्या, नावावर होता. भाऊजी सज्जन माणूस, पण टायवाले सर त्यांच्याकडे दोनदा चहाला येऊन गेले होते. भाऊजी येऊन म्हणाले, "वहिनी, दिवाळीनंतरच्या बॅचला पंधरा नावं झाली तर चालवा. नाही झाली तर तुम्हीही आता आराम करा, गाळा समोरच्यांना देऊन टाकतो."

त्या दिवशी रजिस्टरात चार नावं होती आणि त्यातलं एक माझं होतं.

बाईंनी तीन मशीनं विकायला काढली. मी आणि हेंद्रेपाडा ती टेम्पोत घालून उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये किशनभाईंच्या जुन्या यंत्रांच्या दुकानात घेऊन गेलो आणि बदल्यात एक कॉम्प्युटर घेऊन आलो. त्याचा डबा एका कंपनीचा, पडदा दुसरीचा आणि आतला पंखा बहुधा कुठल्यातरी इस्त्रीच्या दुकानातला. चालू केला की शेजारच्या शिंप्याची कापडं उडायची. किशनभाई स्वतः बसवायला आले होते. बाईंना म्हणाले, "दीदी, एक गेम फ्री में डाला है. फायटर प्लेन. बच्चा लोग लाइन लगाएगा, साईं!"

"त्याला कळा किती?" बाईंनी विचारलं. कळा म्हणजे कीज.

"सब कळा है, दीदी."

"मग बरं."

पोरं विमानासाठी आली हे खरं. पण प्रत्येक जण पहिल्या मिनिटात मरायचा. विमान उडालं की पोरगं हौसेने नाक वर उचलायचं, वेग संपायचा, भोंगा वाजायचा आणि विमान धोंड्यासारखं खाली. याला स्टॉल म्हणतात, असं गेमच्या पुस्तकात होतं. पडायला लागलं की पोरगं आणखी वर ओढायचं आणि आणखी जोरात पडायचं. आठवडाभर बाई नुसत्या भोंगा ऐकत बसल्या. मग त्यांनी मला ते पुस्तक मोठ्याने वाचायला लावलं, तीन दिवस. चौथ्या दिवशी स्वतः कॉम्प्युटरसमोर बसल्या. कीबोर्डवर खोक्याचा पुठ्ठा ठेवला, आम्हाला शिकवताना ठेवायच्या तसाच, बोटं दिसणार नाहीत असा. मला शेजारी उभं केलं.

"वांगणी, आकडे वाच. वेग आणि उंची. बाकी तोंड उघडायचं नाही."

मी डिक्टेशन दिल्यासारखं वाचत राहिलो आणि बाईंनी विमान पाडलं, सावरलं, पाडलं, सावरलं. संध्याकाळपर्यंत एवढ्या वेळा, की त्या विमानाला पडण्याची लाज वाटेनाशी झाली. दुसऱ्या दिवसापासून इन्स्टिट्यूटमध्ये नवा धडा सुरू झाला. भोंगा वाजला की हात उचलायचे. मग वरचा बाण दाबायचा, कारण त्या गेममध्ये वरच्या बाणाने नाक खाली जायचं. इंजिन पूर्ण. वेग येईपर्यंत थांबायचं. मग खालचा बाण, हलक्या बोटाने. एवढंच. आणि एवढंच आमच्यापैकी कुणालाही जमत नव्हतं, कारण जमीन वर येताना दिसत असायची आणि हात ऐकायचे नाहीत.

"घाबरलं की माणूस जोरात दाबतो," बाई म्हणायच्या. "परीक्षेतही असंच करता. म्हणून रिबीन फाटते."

दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा रजिस्टरात आठ नावं होती. बाकीची पोरं विमान उडवायला आमच्याकडे आणि नाव घालायला समोर, असा प्रकार. मग एका संध्याकाळी टायवाले सर स्वतःच आले, भाऊजींना घेऊन. सोबत त्यांचा अर्धा वर्ग.

"मॅडम, मुलांना काहीतरी खोटं सांगू नका," सर म्हणाले. "पाच हजार फुटांवर स्टॉल झाला की संपलं. टेक्निकली इम्पॉसिबल."

"बसा," बाई म्हणाल्या.

सर बसले. टाय खांद्यावर टाकला, विमान पाच हजारांवर नेलं, नाक वर, भोंगा. आणि सरांनी ओढलं. त्यांनी एवढं ओढलं की खुर्ची मागे सरकून शिंप्याच्या भिंतीला लागली. विमान जमिनीत गेलं. "बघा," सर विजयाने म्हणाले, "इम्पॉसिबल."

हेंद्रेपाडा पुढे झाला. "आता बाई बसतील. बाईंनी सावरलं तर सगल्यांनी इथं नाव घालायचं, काय? नाय सावरलं तर मीपण समोर येतो."

भाऊजींनी घसा खाकरला. बाईंनी पुठ्ठा ठेवला.

पाच हजार फूट. भोंगा. विमानाने नाक टाकलं आणि फिरत खाली निघालं. बाईंनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. मग, मी शपथेवर सांगतो, त्यांनी पदर नीट केला.

"वेग एकशे दहा, उंची चार हजार," मी वाचलं. माझा आवाज बकरीसारखा येत होता. "वेग एकशे चाळीस, उंची तीन हजार..."

"मॅडम, पुल! पुल!" सर ओरडले. बाई हरायला त्यांनाच हव्या होत्या, पण राहवेना.

"उंची नको," बाई म्हणाल्या. "नुसता वेग वाच."

वरच्या बाणावर त्यांचं बोट होतं. म्हणजे विमान पडत होतं आणि बाई त्याला आणखी पाडत होत्या. भाऊजींनी डोळे मिटून घेतले. कॅम्प चारने माझं मनगट धरलं. तिच्या नखांच्या खुणा अजून आहेत, कुणाला पाहायच्या असतील तर दाखवतो.

"एकशे नव्वद... दोनशे चाळीस... तीनशे!"

भोंगा थांबला. टाइपरायटरचं कॅरेज परत आणताना ठेवायच्या त्याच सवयीने बाईंनी खालच्या बाणावर एक बोट ठेवलं. विमान वाकलं, सरळ झालं आणि जमिनीला इतकं घासून गेलं की पडद्यावर जो हिरवा चौकोन होता, त्याला त्या गेममध्ये शेत म्हणत, त्यातल्या भाताच्या लोंब्या हलल्या. निदान मला हललेल्या दिसल्या.

रजिस्टरात त्या रात्रीपर्यंत एकवीस नावं झाली. एकविसावं नाव टायवाल्या सरांच्या सख्ख्या पुतण्याचं होतं. भाऊजी शिंप्याकडून पाणी मागून प्याले आणि घरी गेले. गाळा पुढे सहा वर्षं बाईंकडेच राहिला.

मला नोकरी लागली, वांगणी सुटली. बाईंनी स्वतःच्या मर्जीने इन्स्टिट्यूट बंद केली आणि हेंद्रेपाड्यात भाचीकडे राहायला गेल्या, असं कळलं. मग कळलं की मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, दोन्ही डोळ्यांची. भेटायला गेलो. दारात पाय टाकला तर आतून हाक आली नाही. काळा चष्मा लावलेल्या बाई माझ्याकडे नुसत्या पाहत होत्या, बराच वेळ.

"तू वांगणी?" शेवटी म्हणाल्या. "मला वाटलं होतं, उंच असशील."

मी हसलो आणि हसता हसता थांबलो. सहा वर्षं शेजारी उभा होतो मी.

"डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात," भाची म्हणाली. "बारा-तेरा वर्षं मावशीला नुसता उजेड कळायचा. कुणाला पत्ता लागू दिला नाही."

"भाऊजींना पत्ता लागला असता, तर गाळा त्याच दिवशी गेला असता," बाई म्हणाल्या. "चहा घे."

मला चहा दिसेना. मला ते मोठ्याने वाचलेले कागद दिसत होते, माझ्या हातातली लाल पेन्सिल, भिंतीवरची ती पाटी.

"बाई," मी म्हणालो, "म्हणजे त्या दिवशी, सरांसमोर, विमान पडत होतं तेव्हा, तुम्हाला काहीच दिसत नव्हतं?"

बाईंनी बशीत चहा ओतला, या वेळी स्वतः बघून.

"दिसत असतं तर मीही ओढलं असतं," त्या म्हणाल्या.