माझ्यावर एकही वाक्य नाही

परभणीच्या दवाखान्यात त्या सकाळी मोठे डॉक्टर आले, माझ्या बायकोला, गयाला तपासलं आणि नर्सबाईला इंग्रजीत काहीतरी म्हणाले. मी उशाशी उभा. मला काही समजलं नाही. तिला समजलं. तिनं हळूच मान हलवली... मी विचारलं, "काय मनले गं?" तर म्हणते, "काई न्हाई. तुमी चा पिऊन या." मी गेलो. परत आलो तोवर सगळं संपलं होतं. दोन महिने होत आले, पण मन तिथंच अडून बसलंय. तिचं मरण माझ्याआधी इंग्रजीला कळलं. रडू तर येतंच, पण खरं सांगतो, त्याच्याहून जास्त जळायला होतं.

मी तिसरी शिकलेला माणूस. सेलूच्या मोंढ्यात पोती उचलण्यात जन्म गेला. गया शाळेत गेलीच नव्हती, अक्षरं मोठेपणी वस्तीतल्या विहारात शिकली. मग तिथंच एका रिटायर झालेल्या मॅडमनं वयस्क बायांसाठी दुपारचा इंग्रजीचा वर्ग काढला आणि शेजारची शांताबाई गयाला हाताला धरून घेऊन गेली. मी म्हटलं, "आता ह्या वयात कोन्त्या सायबाशी बोलायचंय तुला?" म्हणाली, "शेळीशी. ती उलटून बोलत न्हाई."

मॅडमची एक अट होती. पुस्तकातला राम शाळेत जातो, असलं वाक्य चालायचं नाही. ज्या त्या बाईनं आपल्या घरचं, आपल्या मनातलं, आणि खरं तेच सांगायचं. गया घरी येऊन मला नको असताना समजावायची, "रोजचं असलं तर साधं बोलायचं. आय मेक भाकरी. आत्ता चालू असलं की इंग लावायचं, मेकिंग. आपुन करायलेय मनतो न्हाई का, तसंच." तिसरा एक प्रकार होता, मागं सुरू झालेलं आणि अजून न सुटलेलं सांगायचा, त्याला हॅव लागतं म्हणे. तो तिला लय आवडायचा. एकदा अंगणातून ओरडली, "द गोट इज ईटिंग माय साडी!" मी धावत गेलो, तर शेळी पदर चावायलेली आणि ही वाक्य बरोबर आलं म्हणून हसत उभी. साडी मीच सोडवली.

वर्गाच्या वेळी मी विहाराबाहेर वट्ट्यावर जाऊन बसायचो. तिला न्यायला आलोय असं सांगायचो, पण घर तर चार पावलांवर होतं. आतून एकेकीचं वाक्य यायचं, मग हसणं. इतकं मोकळं हसताना मी गयाला घरी कधी ऐकलं नव्हतं. मला एकच शब्द कळायचा, हजबंड. तो आला की माझे कान उभे राहायचे. येताना विचारायचो, "आज हजबंडचं काय चाललं व्हतं?"

"शांताबाईच्या मालकाचं. घोरतेत मने."

"आन माझं?"

"बिगी बिगी चला, नळाला पानी सुटलं असंल."

असंच टाळायची दर वेळी. माझ्या घरात राहून, माझ्यासोबत जेवून, हिनं एक खोली वेगळी बांधली आणि तिला दारच ठेवलं नाही, असं वाटायचं.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाला वर्गातल्या सगळ्या बाया आल्या. एकेक जण उठून तिच्याबद्दल बोलली. एक म्हणाली, गयाबाईला बैलाचं लय भ्या वाटायचं. जन्मभर लोकांच्या शेतात बैलामागं राबलेली बाई, मला कधी बोलली नाही. दुसरी म्हणाली, ती रोज भाकरी थापताना मेलेल्या आईशी मनात बोलायची. त्या भाकरी मी खाल्ल्या, मला ठाऊक नाही! बाया डोळे पुसत होत्या. माझी बायको ह्यांनी वाटून घेतली होती.

शेवटी मला राहवलं नाही. भर मंडपात विचारलं, "मॅडम, माझ्याबद्दल काय मनायची ती? वाईट असलं तरी सांगा."

मॅडम म्हणाल्या, "दादा, तुमच्यावर तिनं एकही वाक्य केलं नाही."

"शेळीवर केलं ना?"

"शेळीवर पुष्कळ केली."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी उठायला लागलो, तर शांताबाईनं बाहीला धरून बसवलं. "भाऊ, ऐका तरी. आमी लय चिडवलं तिला. मालकावर एक तरी कर, आमी तर आमच्यांची सालटी काढायलोत. तर मनली, ते भाईर वट्ट्यावर बसलेत. त्यांना समजत न्हाई त्या बोलीत त्यांचं कसं बोलू? पाठीमागं बोलल्यावानी व्हतंय."

मी परत उठलो नाही.

जळणं तरी थांबलं का? नाही. आता शांताबाई दारावरून गेली की मी तिला अडवतो. गयाचं एखादं वाक्य सांग म्हणतो, मराठीत सांग. ती माझ्याच बायकोची वाक्यं, दुसऱ्याच्या तोंडून मागून घ्यावी लागतात. मागच्या आठवड्यात तिनं सांगितलं की सरपण आणायला गेली की गया रुळाच्या कडेला थांबायची आणि गाडीतल्या लोकांना हात करायची. रोज. ओळखीचं कुणी नाही, काही नाही, नुसता हात करायची. तेव्हापासून संध्याकाळी मी तिथं जाऊन उभा राहतो. खिडकीतली तोंडं बघतो आणि मनात म्हणतो, तुम्ही कोण लागून गेलात रे! मी काही हात करत नाही. पण परवा गाडी जरा हळू झाली आणि एका खिडकीतून एका बाईनं हात केला.

मी आधी मागं वळून बघितलं.