धुक्याला कात्री म्हणणारे काका

अम्ब्रोज कीपिंग आमचे शेजारी. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर जन्मभर मासेमारी केलेला माणूस, आणि गावातला सगळ्यात बडबड्या. एका हिवाळ्यात त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय वाचले, शब्द मात्र विस्कटले. म्हणजे गेले नव्हते, भलत्याच वस्तूंना जाऊन चिकटले होते. बोटीला ते खुर्ची म्हणायचे, धुक्याला कात्री, आणि स्वतःच्या बायकोला, एफीकाकूंना, चक्क किटली.

काकू आधी रोज शिकवायला बसायच्या. "धुकं म्हणा. धु-कं."

काका जीव तोडून तोंड उघडायचे आणि "कात्री" म्हणायचे. मग टेबलावर मूठ आपटायचे. एकदा माझ्यादेखत रडले. त्या दिवशी काकूंनी हात टेकले. काका पुन्हा खिडकीबाहेर बोट दाखवून "कात्री" म्हणाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हो, चांगली दाट कात्री आहे आज. कपडे आत घेते."

काका बायकोकडे बघतच राहिले. तिला कळलं होतं! आजारपणानंतर ते पहिल्यांदाच पोट धरून हसले.

पुढे गावानेच तो शब्द उचलला. धक्क्यावरचे लोक विचारायचे, "काय काका, आज कात्री येणार का?" आधी थट्टाच होती ती. मग सवय झाली.

मे महिन्यात माझा नवरा गार्लंड बोट घेऊन शेवंडांचे, म्हणजे लॉब्स्टरचे, सापळे काढायला गेला होता. काकांचं घर टेकाडावर, तिथून बाहेरचा समुद्र दिसतो. काकू दुकानात गेलेल्या. भूशिराआडून धुक्याची भिंत सरकत येताना काकांनी पाहिली. स्वयंपाकघरात बोटींशी बोलायचा रेडिओ होता, पण लाजेपायी त्यांनी त्याला हात लावणं सोडलं होतं. त्या दिवशी त्यांनी बटण दाबलं.

"गार्लंड! कात्री! मोठी कात्री! खुर्ची घरी!"

जवळच परगावचा एक कोळी होता. त्याने रेडिओवरच विचारलं, "हा म्हातारा काय बरळतोय?"

गार्लंड म्हणाला, "धुकं येतंय म्हणतोय. सापळे सोड आणि माझ्या मागे ये, लेका."

"तो तर कात्री म्हणाला!"

"आमच्याकडे धुक्यालाच कात्री म्हणतात. चल!"

दोघं धक्क्याला लागले आणि मागची खाडी पार दिसेनाशी झाली. त्या परक्याला आमचे खडक ठाऊक नव्हते. तो कितीतरी वेळ धक्क्यावर नुसता बसून होता. तेव्हापासून आमच्या बोटी निघताना रेडिओवर काकांना विचारूनच निघतात.

त्या संध्याकाळी गार्लंड बुटांसकट बाकावर झोपून गेला. एरवी मी ओरडले असते. त्या दिवशी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि त्याचं घोरणं ऐकत बसले.

सकाळी गरम पाव आणि रानबेरीचा मुरंबा घेऊन काकांकडे गेले. म्हटलं, "काका, माझं माणूस घरी आणलंत तुम्ही."

काका बराच वेळ काहीतरी बोलायला धडपडले. काकूंनी घाई केली नाही, मीही नाही. शेवटी त्यांनी पावाचा मोठा तुकडा तोडला, त्यावर मुरंबा थापला आणि पहिला घास माझ्याच हातावर ठेवला.