कणकेची आळी आणि कानटोपी

जर्मनीत रेगेन्सबर्गच्या कारखान्यात माझं काम मोटारीच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्यांचं. पाणी आत येऊ नये, एवढ्यासाठीच मला पगार मिळायचा. त्यामुळे मी हौसेने घेतलेला जुना वोनवागन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं ते चाकांवरचं घर, छतातून गळायला लागला तेव्हा बायकोला झालेला आनंद मला अजून आठवतो.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. वोनवागन माझ्याच वयाचा होता. आधीच्या कुणा मालकाने छताला भोक पाडून एसी बसवला होता आणि त्याच्या कडेने पाणी यायचं. मी दर शनिवारी शिडीवर चढायचो आणि सिलिकॉनची अख्खी नळी रिकामी करून उतरायचो. सहा-सात शनिवारांत एसीभोवती कठडा तयार झाला आणि गळती दुप्पट झाली.

"बाबा येतायत," एक दिवस बायको म्हणाली. "त्यांना घेऊन तळ्यावर जाऊ. पण तिथे आत एक थेंब जरी पडला ना, तर सोमवारी हे धूड विकायची जाहिरात. कळलं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बाबा म्हणजे माझे सासरे, सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मीही इंजिनिअर आहे हे त्यांना पटलेलं नव्हतं. नातेवाइकांना ते "जावई रबरात आहेत" असं सांगत. भर जुलैत कानटोपी घालून ते विमानातून उतरले, घरी येऊन चहा प्यायले आणि थेट शिडीवर चढले.

"अहो जावईबापू, पाणी जायला वाट कुठाय? तुम्ही तर इथे तलाव बांधलाय!"

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. दोन दिवस मी सिलिकॉन खरवडत बसलो. एसीखालची रबरी गादी दगड झाली होती, ती बदलली, आतून चार बोल्ट आवळले आणि झालं म्हणालो.

"झालं कसं? टेस्ट कुठाय?" सासरे म्हणाले.

आपल्याकडे स्लॅबवर आळी करून पाणी भरतात आणि खाली बसून छताकडे बघत राहतात. पत्र्याच्या छतावर सिमेंट चालणार नव्हतं. म्हणून सासऱ्यांनी दोन किलो कणीक भिजवायला लावली, एसीभोवती तिचा बांध घातला आणि बादलीने पाणी ओतलं. कुंपणापलीकडचे जर्मन आजोबा बराच वेळ बघत होते.

"आल्झो, म्हणजे हे पीठ आहे का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"आमच्याकडची इंजिनिअरिंगची पद्धत आहे," मी म्हणालो. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

मग चिमण्या आल्या. सासरे शिडीच्या वरच्या पायरीवर बसून तीन तास फडक्याने त्यांना हाकत राहिले आणि मी आत पाठीवर पडून छत बघत राहिलो. एक थेंब पडला नाही. खाली उतरून त्यांनी लेकीला सांगितलं, "माझी गॅरंटी. पुढची वीस वर्षं बघायला नको."

शनिवारी दोन तास ऑटोबानवरून जाऊन तळ्याकाठी पोचलो. पानं वाढली आणि धो धो पाऊस सुरू झाला. सासरे मुद्दाम एसीच्या बरोबर खाली बसले होते.

"गळतंय का हो, बाबा?" पोळ्या वाढता वाढता बायकोने विचारलं.

"छे! कोरडं ठणठणीत."

तेवढ्यात मला दिसलं. छतातून एक थेंब सुटला आणि कानटोपीत जिरला. मग दुसरा. सासऱ्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

"टोपी काढा की, केवढं उकडतंय," बायको म्हणाली.

"मला वारं बाधतं," ते म्हणाले. सगळ्या खिडक्या बंद होत्या. अख्खं जेवण ते इंचभरही हलले नाहीत. श्रीखंडाचा डबासुद्धा लेकीला तिथेच आणायला लावला. गळती जावयाची, हे सांगून ते मोकळे होऊ शकत होते.

पाऊस थांबल्यावर वोनवागनच्या मागे जाऊन त्यांनी टोपी पिळली. पेलाभर तरी पाणी निघालं.

"चूक माझी," ते हळूच म्हणाले. "आमचा स्लॅब कधी ऑटोबानवर धावला नाही हो. हादऱ्यांनी बोल्ट सैल झालाय, मागचा उजवीकडचा. तुमच्या दारांना हादरे बसतात, त्याचं तुम्ही काय करता?"

नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कामाबद्दल काही विचारलं होतं. मला इतका आनंद झाला की मी अर्धा तास बोलत सुटलो. ते ओल्या डोक्याने, लक्ष देऊन ऐकत होते.

मागून बायको आली. तिच्या हातात कोरडा टॉवेल होता. तो वडिलांच्या डोक्यावर टाकून तिने खसाखसा पुसायला सुरुवात केली.

"आणि तू बघत काय उभा राहिलास?" ती मला म्हणाली. "पाना घे आणि बोल्ट आवळ. पुढच्या वर्षी बाबांना यायचंय ना याच्यातून."