जाळाआधीची हाक

सुरुवातीलाच सांगते, मी कीटकशास्त्राची आहे. भूतखेत, चकवा, करणी... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ चहा मागवते. तरी हे लिहितेय, कारण वर्ष झालं, डोक्यातून जात नाही.

चंदगडच्या जंगलात उन्हाळ्याआधी गवताचे पट्टे मुद्दाम जाळतात, वणवा पुढे सरकू नये म्हणून. जाळल्यावर तिथे मधमाश्या, फुलपाखरं किती परततात ते मोजणं माझं काम. सोबतीला वनमजूर धोंडीमामा. मामांची एक पद्धत होती. जाळायच्या आदल्या दिवशी पट्ट्यातल्या ऐनाच्या झाडाच्या ढोलीपाशी जायचं आणि आतल्या सातेरी मधमाश्यांना हाक द्यायची, "उद्या जाळ हाय, पोराबाळांस्नी घेऊन उठा." मी हसायचे.

गेल्या वर्षी मामांच्या छातीत पाणी झालं, कोल्हापूरला दवाखान्यात न्यावं लागलं. जाताना म्हणाले, "मी येईस्तवर ढोलीकडं बघा." मी हो म्हणाले.

जाळ पुढच्या आठवड्यात ठरलेला. मामा गेल्यावर दोन-तीन दिवसांनी, दुपारी तीन वाजता मी ढोलीचा फोटो काढला. माश्या पायांना पराग लावून आत शिरत होत्या. म्हणजे आत पिल्लं होती, आणि असं पोळं सहसा जागा सोडत नाही. पाचला वनखात्याचा फोन आला — वारा पडलाय, उद्या सकाळीच जाळायचं. मी भांडले, कुणी ऐकलं नाही. मामांसारखी हाक द्यावी असं मनात आलं... पण म्हटलं, पन्नाशीतली बाई झाडाशी बोलताना कुणी बघितलं तर?

सकाळी काडी लावायच्या आधी ढोली बघितली. रिकामी. एक माशी नाही, मेलेलीसुद्धा नाही.

दुपारी निघून थेट दवाखाना गाठला. मामा डोळे मिटून पडलेले, कॉटशेजारी मामी. म्हणाल्या, "काल चारपासनं हेंचं एकच चाललंय, 'उठा, उद्या जाळ हाय.' मला वाटलं ताप डोक्यात गेला."

"कुणाचा फोन आलेला का?"

"न्हाई की. कुणाचाबी न्हाई."

चारला तर मलाही ठाऊक नव्हतं.

मुंग्या, पोळं पोखरणारा मेणकिडा, योगायोग — सगळं लावून बघितलं. तो पराग कशातच बसत नाही.

पण त्याहून जास्त छळतं ते वेगळंच. मामांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "म्या हितं पडलेलो, मॅडम. तुमी हुता की तितं. मग तुमी का न्हाई सांगितलं त्यास्नी?"

झाडाशी बोलायची लाज वाटली, एवढंच खरं उत्तर होतं.